जाड पाचाची कड

कुणी विचारलं की मी सांगते, नाण्यांची परीक्षा घेते. लोकांना वाटतं बाई बँकेत आहे. मग खुलासा करावा लागतो की लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात पाण्याच्या एटीएमला लागणारे कॉइन बॉक्स तयार होतात, आणि शेवटच्या टेबलावर बसून मी त्यांच्या तोंडात दिवसभर नाणी टाकते. एवढं ऐकलं की लोकांचा माझ्यातला रस संपतो. इंदापुरात मी जिथं खोली घेऊन राहते तिथल्या घरमालकीण काकूंनी तर तोंडावर विचारलं होतं, "एवढं आयटीआय करून चिल्लरच मोजायची हुती व्हय?" मी मोजत नाही, तपासते, असं त्यांना बजावलं. त्या ऐकून घेतात आणि पाहुण्यांना मोजते असंच सांगतात.

नाणं हातात आलं की माणूस आधी त्याचं तोंड बघतो. आकडा किती, साल कुठलं. यंत्राला छापाही दिसत नाही आणि काटाही नाही. फटीतून आत गेलेलं नाणं एका उतरत्या वाटेवरून कडेवर उभं राहून घरंगळत जातं. वाटेत तारेची दोन वेटोळी असतात, ती धातू आणि जाडी ताडून बघतात. त्यापुढं एक बारीक दिवा असतो. त्याचा उजेड नाण्याच्या कडेवर पडून माघारी येतो. कडेला दाते असले तर तो थरथरत येतो, कड गुळगुळीत असली तर सरळ येतो. यंत्र एवढ्यावर ठरवतं की हे नाणं आपलं की परकं. आपलं असेल तर आत घेतं, परकं असेल तर खालच्या वाटीत टाकून देतं. टण्ण असा आवाज येतो. तो आवाज मी दिवसातून इतक्यांदा ऐकते की रविवारी सुद्धा कानात राहतो.

यंत्राला आधी शिकवावं लागतं. मागचं बटण दाबून धरायचं आणि एकाच जातीची वीस नाणी एकामागून एक टाकायची. त्यात नवी हवीत, जुनी हवीत, झिजलेलीही हवीत. वीस झाली की त्याला त्या नाण्याची ओळख पटते. जे शिकवलं नाही ते त्याच्या दृष्टीनं नाणंच नव्हे.

हे सगळं मला कारखान्यात पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा मी हसले होते. कारण ही विद्या मी घरी पाहिली होती. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हेच करत आले होते.

आमचं गाव कन्हेरी, बारामतीला लागूनच. आबा रानातली वांगी, मेथी, गवार बारामतीच्या बाजारात स्वतः बसून विकायचे. उजव्या हातात तागडी, डावा हात मांडीखालच्या पोत्याच्या घडीत. चिल्लर त्या घडीत असायची. डोळे काट्यावर, तोंड गिऱ्हाइकाशी, आणि डावा हात न बघता बरोबर तेवढे सुटे काढून द्यायचा. मी आयटीआयला असताना एकदा त्यांना विचारलं, न बघता कळतं कसं? तर म्हणाले, "त्वांड कशाला बघायचं? कड सांगती की." दोनाच्या जुन्या नाण्याला कोन असतात. दहाच्या कडेला थोडे दाते आणि मग थोडी मोकळी जागा. आणि जाड पाचाच्या कडेला मधोमध एक खाच फिरलेली असते. त्या जाड पाचाला आमच्या घरात ठोकळा म्हणत. आबांचा तो लाडका होता. अंगठ्याचं नख त्या खाचेतून फिरवलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

नोकरी लागल्यावर मी त्यांना सांगितलं, "आबा, आमचं मशीन डिट्टो तुमच्यावानी काम करतंय. कडंवर वळखतंय." त्यांना केवढं कौतुक वाटलं. दोन दिवस दारात येईल त्याला सांगत होते. मग मला हळूच विचारलं, "चुकत आसंल की कधीमधी?" मी नवीन नोकरीच्या तोऱ्यात म्हणाले, "एकदा शिकवलं की चुकत न्हाय. मशीन खोटं बोलत न्हाय, आबा." त्यांनी मान डोलवली. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

पुढं शुगरनं त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, दोनेक वर्षांत. बारामतीत दाखवलं, पुण्याला नेलं, डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर उपचार केले, आणि अखेर उजेड आणि सावली एवढंच उरलं. बाजारात बसणं सुटलं, कारण कडेवरून नाणं ओळखता येतं, नोट येत नाही. आबा ओसरीवर बसून राहायला लागले. दिवसभर ते बसलेले असत आणि आई त्यांच्याभोवती फिरत असे. मी सुट्टीला आले की मला ते बघवत नसे, म्हणून मी काहीतरी काम काढून घराबाहेर जायची. यात अभिमानानं सांगण्यासारखं काही नाही.

त्यांना उठवलं ते गावातल्या पाण्याच्या एटीएमनं. शाळेशेजारी पत्र्याच्या खोलीत ते बसवलं होतं. पाच रुपये टाकले की वीस लिटरचा जार भरतो. पण बसवणाऱ्यानं त्याला फक्त जाड पाच शिकवला होता आणि नंतर तो फिरकलाच नाही. जाड पाच तर बाजारातून दिसेनासे व्हायला लागले होते. बायका जार घेऊन यायच्या, पातळ पाच टाकायच्या, टण्ण करून ते परत यायचं, आणि त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आबांना हे कळलं तेव्हा ते काठी घेऊन उठले. पोत्याच्या घडीत राहिलेले आणि गावात मागून मिळवलेले असे साठ-सत्तर ठोकळे त्यांनी एका डब्यात भरले आणि एटीएमच्या दाराशी बैठक टाकली. ज्याच्याकडं पातळ पाच असेल त्यानं तो आबांना द्यायचा, आबा त्याला ठोकळा देणार. संध्याकाळी पंचायतीचा शिपाई पेटी उघडायचा, आतले ठोकळे आबांना द्यायचा आणि तितकेच पातळ पाच घेऊन जायचा. दुसऱ्या दिवशी तेच ठोकळे पुन्हा गावात. त्या साठ-सत्तर नाण्यांवर अख्खी आळी पाणी पीत होती.

यात आबांना एक पैसा सुटत नव्हता. शेजारच्या तात्यांनी त्यांना कमिशन लावायचा सल्ला दिला, तर आबांनी त्यांच्याशी आठ दिवस बोलणं टाकलं. त्यांना लोक येऊन हाक मारत होते, हे पुरे होतं. "आबा, ठोकळा द्या." दिवसातून पन्नासदा. मी सुट्टीला आले की आता घरात थांबायची, आणि दुपारी चहा घेऊन त्यांच्याकडं जायची. ती दोन वर्षं बरी गेली.

मग शुगर बोटांत उतरली.

आधी पायाच्या. चप्पल पायातून निघाली तरी त्यांना कळायचं नाही, अनवाणीच घरी यायचे. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवलं आणि नायलॉनचा एक बारीक दोरा त्यांच्या पायाच्या बोटांना टेकवून विचारलं, "कळतंय का?" आबा म्हणाले, "व्हय." मग हाताच्या बोटांना. "व्हय." मग डॉक्टरांनी दोरा हवेतच धरला, कुठंच टेकवला नाही, आणि विचारलं, "आता?" आबा म्हणाले, "व्हय की." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले की हातात अजून थोडं आहे, पण जे जातं ते परत येत नाही, आणि किती दिवस ते सांगता येत नाही.

त्यानंतरच्याच एका सुट्टीला मी चहा घेऊन एटीएमपाशी उभी होते. सकाळची गर्दी होती. एका बाईनं आबांकडून ठोकळा म्हणून घेतलेलं नाणं आत टाकलं, टण्ण. तिनं परत आणून दिलं, आबांनी दुसरं दिलं, तेही टण्ण. "आबा, ह्यो बी पातळच दिला की," ती म्हणाली. मागून कुणीतरी बोललं, "आबांचं आता काय खरं न्हाय." सगळ्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, माणसं हसतात. आबाही हसले. पण डब्यात त्यांचा अंगठा एका नाण्याच्या कडेवरून फिरतच राहिला होता. माझं डोकं फिरलं. मी त्या बायकांना काहीबाही बोलले, "तुमाला फुकट नाणी देत्यात म्हणून म्हाग पडलं व्हय?" असलं काहीतरी. आबांनी मला गप्प केलं आणि चहा मागितला. चहा त्यांच्या हातात गरम लागतो की नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

मी रागाच्या भरात ठरवून टाकलं. कारखान्यात तोंडाला ओरखडा पडल्यामुळं विकता न येणारा एक कॉइन बॉक्स पडून होता. मालकांनी तो मला निम्म्या किमतीत दिला. पुढच्या सुट्टीला, आबा जेवून घरी आडवे झाले होते तेव्हा, शिपायाला कुलूप उघडायला लावून मी जुना बॉक्स काढला आणि हा बसवला. पाचाच्या चार जाती चलनात आहेत. जाड, पातळ पांढरा, पिवळा, आणि नवा थोडा मोठा. चारही जातींची वीस-वीस नाणी पिशवीत आणली होती. बटण दाबून धरून एकेक टाकत गेले. तासाभरात यंत्र शहाणं झालं. आता कुठलाही पाच टाका, पाणी येणार. म्हणजे आबांनी चुकून पातळ दिला तरी टण्ण होणार नाही, कुणी हसणार नाही. लोक सवयीनं त्यांच्याशी थांबतील, बोलतील. आबांना काही कळणारही नाही. मला माझ्या हुशारीचा एवढा आनंद झाला होता की आईला न सांगताच संध्याकाळची गाडी धरून मी इंदापूरला परत आले.

मला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि आईला ती माहीत होती. डॉक्टरकडून आल्यापासून आबा रोज दुपारी, एटीएमपाशी कुणी नसताना, स्वतःची परीक्षा घेत होते. पातळ पाचांत दोनचार ठोकळे मिसळायचे, एकेक नाणं उचलायचं, अंगठ्यानं कड बघायची, पातळ वाटलं की मोठ्यानं "पातळ" म्हणायचं आणि फटीत टाकायचं. टण्ण झालं की बोटं बरोबर. पाणी आलं की चुकली. पाणी वाया जाऊ नये म्हणून नळाखाली कळशी ठेवायचे. आई सांगत होती, "धाभर टाकायचे. येखादंच चुकायचं. मंग जेवाय बसल्यावर दोन घास जास्त खायाचे." सकाळच्या घाईत त्यांची चूक व्हायची. दुपारी, शांतपणे, त्यांची बोटं अजून चालत होती.

मी बॉक्स बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी ते परीक्षेला बसले. त्यांनी नाणं उचललं, म्हणाले पातळ, आणि पाणी आलं. दुसरं पातळ, पाणी. तिसरं पातळ, पाणी. कळशी भरून वाहायला लागली. त्यांनी आठ नाणी टाकली. आई त्यांना बघायला गेली तेव्हा ते चिखलात उभे होते, पाणी दारातून रस्त्यावर आलं होतं, आणि हातात नववं नाणं होतं. ते त्यांनी टाकलं नाही. डबा आईच्या हातात देऊन म्हणाले, "पंचायतीला दिऊन टाक. बोटं मेली."

आईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी टेबलावर होते. समोर एक बॉक्स शिकत होता, त्याची अकरा नाणी झाली होती. मी बारावं टाकलं.

मला त्याच दिवशी गाडीत बसून घरी जायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं. आबा, तुमची बोटं बरोबर होती, यंत्रात मी बदल केला. पण ते सांगायचं म्हणजे हेही सांगणं आलं की आता ठोकळ्याची गरज उरली नाही, आणि ती मी संपवली. जुना बॉक्स परत बसवावा असंही मनात आलं. पण आठवड्यात गावाला कळलं होतं की कुठलाही पाच चालतो, बायका खूश होत्या, आणि शिपायानं डब्यातले सगळे ठोकळे बाकीच्या नाण्यांबरोबर बँकेत भरून टाकले होते. ते आता कुठं कुठं गेले असतील. मी पुढच्या सुट्टीला सांगू म्हणत राहिले. तीन महिने मी प्रत्येक सुट्टीला गेले, जेवले, परत आले. मी भित्री आहे, हे मला त्या तीन महिन्यांत नीट कळलं.

आबांच्या कानावरही गेलं होतं की यंत्र आता सगळी नाणी घेतं. त्यांनी त्याचा आपल्यापरीनं अर्थ लावला होता. मी तिथून उठलो, ठोकळे द्यायला कुणी राहिलं नाही, मग पंचायत तरी काय करणार, बदललं त्यांनी मशीन. त्यांच्या हिशोबात आधी बोटं गेली आणि मग यंत्र बदललं. ते कुणाला दोष देत नव्हते. ओसरीवर तसेच बसून असत, हात मांडीवर उताणे ठेवून.

शेवटी एका दुपारी मी सांगितलं. आई समोर होती, तिला मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. सगळं सांगितलं, दिवस, वेळ, ओरखड्याचा बॉक्स, चार जाती. आबांनी शांतपणे ऐकलं. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली, ते काहीतरी आठवत असावेत. मग ती गेली. हसून म्हणाले, "माझं मन राखाय बोलतीस व्हय गं?"

"आबा, आईला इचारा."

"ती बी तुझ्याच पार्टीतली. शिपायाला बी पढवून आणशील."

मी चिडले, रडले, काही उपयोग झाला नाही. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, आणि तो हात आधी माझ्या कानावर पडला होता.

तेव्हा मला सुचलं की आबांचा माणसावर विश्वास नाही, पण यंत्रावर आहे. पुढच्या सुट्टीला मी कारखान्यातून एक बॉक्स मागून आणला. तपासणीसाठी आमच्याकडं जुने ठोकळे ठेवलेले असतात, त्यांतले वीस टाकून त्याला फक्त ठोकळा शिकवला. ओसरीवर पाटावर ठेवला, बॅटरी जोडली. आबांचा हात धरून फटीवर नेला. "ह्यो जुन्यावानीच हाय. ठोकळाच घेतो, बाकी परत टाकतो. तुमी वळखा आन् टाका. तुमची बोटं काय म्हणत्यात ती तुमीच बघा."

त्यांना नको होतं. माझ्यासाठी ते तयार झाले. मी त्यांच्यापुढं ताटलीत दहा नाणी ठेवली, पाच जाड, पाच पातळ. त्यांनी पहिलं उचललं. अंगठा कडेवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मला हातातलं नाणं दिसत होतं, ठोकळा होता. ते म्हणाले, "पातळ." टाकलं. टण्ण झालं नाही, ठोकळा आत गेला आणि हिरवा दिवा लागला. दिवा त्यांना दिसणार नव्हता, पण नाणं परत आलं नाही हे त्यांना ऐकू आलं. दुसरं. "ठोकळा." टण्ण. तिसरं बरोबर आलं. चौथं चुकलं. पाचव्याला त्यांनी नाणं ओठाला लावून बघितलं, मग खाली ठेवलं. आई उठून आत गेली.

तीन महिन्यांपूर्वी बोटं चालत होती. मला ते आजही पक्कं माहीत आहे. आता ती चालत नव्हती. तेव्हा चालत होती हे दाखवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या आबा," मी म्हणाले.

पण आता तेच थांबेनात. दहाही नाणी त्यांनी टाकली. निम्मी चुकली. शेवटचं टण्ण झालं तेव्हा त्यांनी ते वाटीतून चाचपून काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. बरोबर उत्तर आल्यासारखे ते शांत झाले होते.

"बघ. मी म्हणत हुतो का न्हाय? तूच सांगितलं हुतंस, मशीन खोटं बोलत न्हाय." मग पाटावर हात फिरवून त्यांनी बॉक्स शोधला आणि वरून थोपटला. "लई चांगलं शिकवलंस गं याला."